न फाटलेली पट्टी

१६ फेब्रुवारी १९७५, रविवार. मेलेली माणसे तीन.

त्यांतले दोघे विद्यार्थी होते. तिसरी बायजाबाई, भिवापूरहून आलेली. तिला गॅलरीच्या पहिल्या बाकावर नेऊन बसवले ते रुपरावने.

रुपराव खाप्याच्या गवंड्याचा मुलगा. छप्पन साली बापाबरोबर त्याने नागपुरात दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी बेथेल कॉलेजच्या उपासनामंदिरात शिपाई म्हणून लागला. घंटा वाजवायची, बाके पुसायची, गॅलरीची किल्ली सांभाळायची. प्रार्थना चालू असताना तो दाराबाहेर उभा राही. आत ये असे त्याला कोणी म्हटले नाही, आणि त्यालाही कधी जावेसे वाटले नाही. पण त्या इमारतीतली कोणती फळी कुठे कुरकुरते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दर फेब्रुवारीत तिथे व्याख्यान सप्ताह भरे. रोज सकाळी साडेसातला उपासना, संध्याकाळी व्याख्यान, गुरुवारी वादविवाद, रविवारी समारोपाची उपासना आणि बक्षिसे. त्या वर्षीचा विषय होता ‘माणसाचे उत्तरदायित्व’. सोमवारी सकाळी झाडताना रुपरावला एक चीर दिसली. गॅलरीची तुळई भिंतीत शिरते नेमकी तिथे, केसाएवढी. बापाने शिकवले होते तेच त्याने केले. जुन्या उत्तरपत्रिकेची तीन बोटे रुंद पट्टी कापली, कणकेची खळ लावून चिरेवर आडवी डकवली आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख घातली. भिंत जागची हलली नाही तर कागद शाबूत राहतो. हलली तर फाटतो.

मंगळवारी पट्टी मधोमध फाटलेली होती. बुधवारी नवी लावलेलीही.

हेडक्लार्क दत्तोपंत जिन्यापाशी थांबले. “काहून गा रुपराव, भिंतीले मोच आली काय? पट्ट्या बांधून राहिला!”

“भीत सरकून राहिली, साहेब. गॅलरी बंद ठेवा लागते.”

“तू इंजिनिअर कधी झाला गा? इकडे पाहुणे येऊन राहिले, अन् तू पेपर डकवून राहिला. नापासाचा आहे काय?”

मागचे दोन कारकून हसले. रुपराव हसला नाही.

गुरुवारी गॅलरी खच्चून भरली. वक्त्याला दाद द्यायची ती टाळ्यांनी नव्हे, टाचांनी फळ्या बडवून, हा त्या कॉलेजचा जुना रिवाज. बायजाबाईचा मुलगा चंद्रभान बोलायला उभा राहिला. ज्याला धोका कळतो, त्याच्यावरच अधिक भार असतो, असे त्याने मांडले आणि पहिला आला. वर टाचा कडाडत होत्या. खाली जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रुपरावच्या खांद्यावर प्रत्येक दणक्यासरशी चिमूट-चिमूट चुना पडत होता. त्याने तो झटकला नाही.

शुक्रवारी फाटलेल्या पट्टीआड आगकाडी सहज शिरली. तो थेट प्राचार्यांकडे गेला. त्यांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

“सोमवारी इंजिनिअरला बोलावतो. तोवर गॅलरी बंद. रविवारी गर्दी झालीच, तर तुमची पट्टी पाहा. शाबूत असेल तरच उघडा. माझा तुमच्यावर विश्वास आहे, रुपराव.”

अठरा वर्षांत असे त्याला कोणी म्हटले नव्हते. तो शब्द त्याने घरी नेला आणि बायकोला दोनदा सांगितला. निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांनी तो कागदाच्या एका तुकड्यावर ठेवला होता, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती. समारोपाच्या पाहुण्यांसाठी दत्तोपंतांनी रंगाऱ्याकडून पट्ट्या खरवडून घेतल्या होत्या, चीर चुन्याने बुजवून वर हात मारला होता. रुपरावने दुपारी नवी पट्टी डकवली. बोटाला ओल लागली. ओल्या चुन्यावर खळ धरत नाही, हे त्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक होते.

रविवारी पट्टी शाबूत होती. त्याने ती डोळे भरून पाहिली. नख लावून पाहिले नाही.

खालची बाके भरली. दत्तोपंत घाईघाईने आले. “काय म्हणते तुझी पट्टी?”

“फाटली नाही, साहेब.”

“मंग खोल ना गा लवकर!”

बायजाबाई दारातच अवघडून उभी होती, हातात पोरासाठी आणलेल्या मिरच्यांची पिशवी. “भाऊ, पोरगं बक्षीस घेऊन राहिलं आज. मले दिसन अशा जागी बसव ना.”

“चाल वं माय, वरून अख्खं दिसते.”

त्याने किल्ली फिरवली. तिच्यामागून पन्नासेक जण वर चढले. पहिल्या गीताला सगळे एकदम उठले, आणि तुळई भिंतीतून निसटली.

धूळ खाली बसल्यावर रुपराव भिंतीपाशी गेला. चीर आता हात शिरेल एवढी होती. पट्टी एका टोकाने लोंबत होती. कुठेही फाटलेली नव्हती. सुटलेल्या टोकाला चुन्याचा पापुद्रा चिकटलेला होता.

चौकशी समितीने विचारले, “उघडण्यापूर्वी पट्टी फाटलेली होती काय?”

“नाही. पण ते धरलीच नव्हती, साहेब. चुना ओला—”

“विचारले तेवढेच सांगा.”

अहवालात दोष कोणाचाच नव्हता. रुपरावने खबरदारी घेतली, असे एक वाक्यही त्यात होते. सप्ताह पुढच्या वर्षीही भरला. त्र्याऐंशी साली रुपराव निवृत्त झाला. भिवापूरची बस कुठे लागते ते त्याला माहीत आहे. तो तिथवर दोनदा जाऊन परत आला.

आपली आई ज्या बाकावर बसली ती जागा धोक्याची आहे हे शिपायाला, हेडक्लार्कला आणि प्राचार्यांना आधीपासून माहीत होते, हे चंद्रभानला यांपैकी एकानेही सांगितलेले नाही. तेवढे देणे बाकी आहे.