वीस रुपयांचा अल्बम

अल्बमची किंमत वीस रुपये ठेवायची हे शहाणपण माझंच. संभाजीनगरातला स्टुडिओवाला दीडशे म्हणत होता. मी म्हटलं, इतका स्वस्त ठेवू की फुकट मागायची लोकांना लाज वाटेल. मोबाइलवरून पैसे द्यायचे, डाउनलोड करायचं, झालं. लाज कुणालाही वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चितेगावच्या कंपनीत पाळ्या करून मी सुट्टीला फुलंब्रीला बुवांकडे भजन शिकायला जायचो. बुवांच्या साठेक गवळणी, चाली त्यांच्या स्वतःच्या. कुठं लिहिलेल्या नाहीत, कुणी रेकॉर्ड केलेल्या नाहीत. मला जेमतेम दहा-बारा उतरल्या होत्या. बाकीच्या धरून ठेवायला हव्यात हे कळत होतं, तरी पहिला अल्बम मी माझ्याच चालींचा केला. नाव व्हायची हौस, दुसरं काय! बुवांना म्हणालो, "याचे पैसे आले की पुढचा तुमचाच."

"तुझं होऊ दे आधी," ते हसले. "मी कुठं पळून चाललोय?"

अल्बम आला त्या एकादशीला मी बुवांच्या मंडळात गायलो आणि शेवटी सांगितलं, आवडलं तर वीस रुपयांत घ्या. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्यासमोरच विकत घेतला. माझा ऊर भरून आला. पाच मिनिटांत माझाच मोबाइल वाजला. आठही गाणी मंडळाच्या ग्रुपवर!

"आसपासच्या समद्या मंडळांना बी धाडली," अध्यक्ष म्हणाले. "देवाचं नाव हाय, एकट्यानं ऐकून कसं चालंल? तुमचं लई काम केलं बघा."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, आणि मला राग येतो तो त्याचाच. भजनात चाल कुणाच्या मालकीची नसते. आवडली की मागायची, मागितली की द्यायची. मीही बुवांच्या चाली अशाच घेतल्या होत्या, एका नारळावर. मग कुठल्या तोंडानं बोलणार? ग्रुपवर मुकाट्यानं 'धन्यवाद माउली' असं लिहिलं.

माझी गाणी गावोगाव वाजली. वेरूळच्या एका रसवंतीवरही ऐकली. हे मी गायलंय म्हटल्यावर मालक म्हणाला, "व्हय का? छान हाय." विकत घेणारे मात्र माझे दोन मेहुणे आणि ते अध्यक्ष. एवढ्याशा पैशांचं काय, असं म्हणत माणूस ते द्यायचंच सोडून देतो, हे मला उशिरा कळलं.

बुवांचं रेकॉर्डिंग मी पुढच्या दिवाळीवर ढकलत राहिलो. खरं तर साधा मोबाइल त्यांच्यापुढं ठेवला असता तरी भागलं असतं. पण मला स्टुडिओच हवा होता. तोही माझाच तोरा.

मागच्या वर्षी बुवांना अर्धांगवायूचा झटका आला. ते माणसं ओळखतात, डाव्या हातानं मांडीवर ताल धरतात. आवाज गेला तो गेलाच.

परवा अध्यक्षांचा फोन आला. "बुवांच्या गवळणी तुमच्याकडं भरलेल्या असतील ना? धाडा की. या वक्ताला फुकट नको, माणशी वीस रुपये देतो."

"नाहीत माझ्याकडं," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय.

"बरं," ते म्हणाले, "पन्नास घ्या."