माझ्या कामात नसलेली भिंत

माझा बाप गवंडी आणि घरातली पहिली पदवी माझी. यात लपवण्यासारखं काही नाही. ज्या हातानं लहानपणी घमेली उचलली, त्याच हातानं आज नोंदणीकृत इंटिरियर डिझायनर म्हणून सही करते.

शारजातल्या अल मजाजमधला तेराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट म्हणजे स्वतःच्या नावावरचं माझं पहिलं काम. मालक पुण्याकडचे. हॉल आणि मुलीची खोली यांच्यामधली भिंत पाडून त्यांना मोठा हॉल हवा होता. भर दुपारी मी दोन्ही खोल्या लेसरनं मोजल्या. बाहेरच्या पॅसेजचं माप घेतलं. बेरीज जुळेना. मध्ये दोन फूट जास्तच निघत होते. परत मोजलं, तेच.

मग वडिलांची सवय. बोटाच्या पेरानं भिंतीवर तीनदा वाजवलं. आवाज पोकळ.

आणि आतून तीनदा टकटक.

मी हात मागे घेतला. दारात उभी मालकांची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "इट डझ दॅट, आंटी." जणू फ्रिजबद्दल सांगतेय.

"पाइप असतील हो," मालक म्हणाले. "पोकळ आहे ना? म्हणजे पार्टिशन. आजच परमिटचे कागद द्यायचेत. तसं लिहा, सही करा, खलास."

"ड्रॉइंगमध्ये इथे पाइप नाहीत."

"ताई, तुम्ही डिझायनर की भगत?"

"डिझायनर. फ्लोअरिंग, सीलिंग, लाइट, कपाटं माझी. साधं पार्टिशनही माझं. पण इमारतीचं वजन पेलणारं काही असेल तर ते इंजिनिअरचं. आत काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून सही नाही."

"मग दुसरा कोणी करेल."

करेलच. आणि मी पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात बसून दुसऱ्याची ड्रॉइंग्ज काढेन. तरी म्हटलं, "दोन दिवस द्या."

मी बोलावलेला इंजिनिअर मल्याळी, हसतमुख. भिंतीवरून मशीन फिरवता फिरवता हसू गेलं. "अंदर कॉलम है, मॅडम. बाजू में खाली जगह. ये तोडा तो ऊपर का सब घर..." त्यानं तळहात वरून खाली आणला.

"और पाइप?"

"पाइप नहीं."

मुलीनं सांगितलं म्हणून गमतीनं त्यानं दोनदा वाजवलं. आतून दोनदा आलं. वायर न गुंडाळताच त्यानं मशीन बॅगेत कोंबलं.

मालकांनी एकदा छताकडे पाहिलं. म्हणाले, "बाकीचं काम तुम्हीच करा."

कामाच्या यादीत शेवटी मी लिहिलं: ही भिंत आहे तशीच राहील, माझ्या कामात नाही. सामान हलवलेलं, टेबल नव्हतं. कागद त्याच भिंतीवर टेकवून सही केली.

पेन उचलायच्या आत, कागदाखालून, माझ्या तळव्याला लागेल असं एकदाच टक् झालं.