गोन्ताची लघवी

शिगेनोआजींनी आयुष्यभर सोयाबीनचं दूध उकळून तोफू केलं आणि विकलं. ओसाकातल्या आमच्या गल्लीत स्वच्छतेचं एवढं वेड दुसऱ्या कुणाला नव्हतं. आपल्या कुत्र्याला, गोन्ताला, फिरवायला निघाल्या की हातात पाण्याची बाटली. तो खांबाशी पाय वर करायचा, या लगेच धुऊन काढायच्या.

गोन्ता म्हातारा झाला, त्याचं हृदय थकलं. आजींना मूलबाळ नाही, नवरा कधीचाच गेलेला. "त्याचं काहीतरी जिवंत राहू दे गं," त्या मला म्हणाल्या. मी विद्यापीठात कुत्र्यांच्या पेशींवर काम करते. लघवीतून काही पेशी बाहेर पडतात. त्यांना मागे वळवून मूळपेशी करता येतात, आणि मूळपेशींपासून मग अगदी हृदयाच्यासुद्धा. म्हटलं, आणा लघवी.

दुसऱ्या दिवशी आजी हजर. रेशमी रुमालात बांधलेली बाटली, सोबत तांदळाच्या बिस्किटांचा डबा.

"एवढी नितळ कशी हो?"

"अगं, घाण वस्तू लोकांच्या हातात कशी देऊ? गाळली, आणि चांगली उकळून घेतली."

"उकळली? अहो, तोफू आहे का ते! मेल्या की सगळ्या पेशी!"

माझी मेली जीभच अशी. आजींचा चेहरा एवढासा झाला. घरी गोन्ता आता उठतही नव्हता.

संध्याकाळी त्या धापा टाकत परत आल्या. रुमाल नाही, डबा नाही. गढूळ, पिवळी बाटली त्यांनी माझ्या हातात कोंबली. "माझाच भाताचा वाडगा धरला त्याच्याखाली. उकळला तो फक्त वाडगा हो! लाज वाटते, पण घे."

त्याच आठवड्यात गोन्ता गेला.

पेशी मात्र जगल्या. त्यांच्या मूळपेशी आणि मूळपेशींतून हृदयाच्या पेशी व्हायला बरेच महिने गेले. मग आजींना बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली, काचेच्या थाळीत, एक इवलासा पुंजका धडधडत होता. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हा गोन्ता नव्हे," शेवटी म्हणाल्या. "तो असता तर माझी चाहूल लागताच उठला असता."

"नाहीच आजी. पण यावर औषधं तपासता येतील. दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी."

"मग नीट सांभाळ." डोळे पुसत त्या दारापर्यंत गेल्या, आणि थांबल्या. मग त्या काचेच्या थाळीकडे वळून, दुकानात जाताना गोन्ताला म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "येते रे. शहाण्यासारखा राहा."