अंकलनी पुसलेलं वृंदावन

सिंगापूरच्या टॅटूवाल्या सेंग अंकलनी माझा टॅटू काढायला नकार दिला होता. तोही स्टेन्सिलचा कच्चा छाप हातावर उमटवून झाल्यावर!

काल अंकल गेले.

गेल्या वर्षी आईचा पहिला स्मृतिदिन. नागपूरला जायला रजा मिळाली नाही. म्हणून ठरवलं, आईच्या हातावरचं गोंदण आपल्या हातावर घ्यायचं. तुळशी वृंदावन, तिला लहानपणी जत्रेत गोंदलेलं.

फोटोत ते अर्धं फिकट दिसत होतं. मला वाटायचं, वयानं.

अंकलना म्हटलं, "गेलेला भाग पूर्ण करा. होतं तस्सं."

त्यांनी सुरेख काढलं. जांभळी स्टेन्सिल माझ्या हातावर. मशीन सुरू झालं. मी डोळे मिटले.

मशीन बंद.

अंकल चष्मा कपाळावर सरकवून माझ्या फोनमधला फोटो मोठा करून बघत होते.

"धिस वन नॉट फेड. समबडी बर्न."

"नो अंकल, ओल्ड एज."

"आय सी स्किन एव्हरी डे, लाह."

मी भडकले. माझी आई, माझा हात, तुम्ही फक्त काढा! आवाज इतका चढला की बाजूच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला.

अंकल शांत. "यू आस्क फर्स्ट. आफ्टर आय डू, कॅनॉट टेक आउट."

तिथूनच मावशीला फोन लावला.

"जय भीम, मावशी. आईचं गोंदण कशानं गेलं होतं गं?"

"गेलं? अगं, तिनं घालवलं! धम्माची दीक्षा घेतली ना, त्या साली. बिब्बा तापवून लावला. हात हा एवढा सुजला. म्हणे, मनातून काढलं, तं हातावर कायले ठेवू? अर्ध्यावर मीच बिब्बा हिसकावला. पाहवेना मला."



आईनं जे जाळून काढलं, तेच मी पूर्ण करायला निघाले होते. तिच्या नावानं. कायमचं.

अंकलना मराठी कळत नव्हतं. माझा चेहरा कळला. त्यांनी कापसानं स्टेन्सिल पुसली. मग फोटोतल्या जळक्या डागावर बोट ठेवलं.

"धिस पार्ट, शी डू हरसेल्फ?"

मी मान हलवली. रडू आवरत नव्हतं.

शेवटी तेच काढलं. त्या डागाची फक्त कड, बारीक ठिपक्यांची. आत कोरं.

लोक विचारतात, सिंगापूरचा नकाशा का? मी सांगते, आई आहे.

आज बुकित पंजांगला, त्यांच्या राहत्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत ठेवलं होतं तिथे, अंत्यदर्शनाला गेले. हात जोडताना बाही वर सरकली. त्यांच्या मुलीनं बघितलं आणि डोळे पुसत हसली.

"ओह, यू आर द वन हू स्कोल्ड माय फादर!"

हो. तीच मी. आणि वर्षभरात एकदाही माफी मागितली नाही.

सॉरी, अंकल. त्या दिवशी तुमचा हात थांबला, म्हणून आज मला माझ्या हाताकडे बघता येतं.

जय भीम. शांत झोपा.