साडू, आक्का आणि गालाचा स्नायू

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात जिभेखेरीज दुसरा कुठलाही स्नायू मनापासून वापरला असेल, असं मला वाटत नाही. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं तर ते मुळीच रागावणार नाहीत. फक्त माझी चूक दुरुस्त करतील. जीभ म्हणजे एक स्नायू नव्हे, स्नायूंची जुडी आहे, त्यातले काही जिभेतच सुरू होऊन जिभेतच संपतात आणि काही हाडाला धरून असतात, असं सांगतील आणि नमुना म्हणून स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवतील. ती पुन्हा आत जाते तेव्हा समोरच्याचा चहा निवून गेलेला असतो.

महागावच्या एका शाळेत ते व्यायामाचे शिक्षक होते. मुलांकडून कवायत करून घेण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते काम चोख केलं, म्हणजे मुलांकडूनच करून घेतलं. स्वतः चिंचेच्या सावलीत शिट्टी धरून उभे. अंगकाठी अशी की कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीनंही यांना आपल्यातलंच एक समजावं. व्यायामशिक्षकाच्या अभ्यासक्रमात त्यांना शरीरशास्त्राचं एक पुस्तक होतं. त्यातल्या हाडांवर, रक्तावर, पचनावर त्यांचा जीव बसला नाही. स्नायूंच्या प्रकरणात मात्र ते शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत, आणि वाटेत जो भेटेल त्याला हाताला धरून आत ओढतात.

आमच्या सासऱ्यांच्या विहिरीचा नवाकोरा दोर त्यांनी असाच एकदा आम्हां जावयांसमोर उलगडला. दोरात पेड, पेडात सूत, सुतात तंतू. स्नायूही असाच, जुडीत जुडी, तिच्यात आणखी बारीक जुडी, आणि प्रत्येक जुडीला स्वतःचं पातळ वेष्टण. आम्हाला स्नायू समजला. दोर मात्र दुसऱ्या दिवशी तुटला आणि बादली विहिरीत गेली. सासरे भले गृहस्थ. थोरल्या जावयाला ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी धाकट्याला, म्हणजे मला, विहिरीत उतरवलं.

आमचं लोखंडी कपाट वरच्या खोलीत न्यायचं होतं तेव्हाही ते आवर्जून आले. मी आणि आणखी दोघं कपाट घेऊन जिन्याच्या वळणावर अडकलो होतो. माझी बोटं कपाट आणि भिंत यांच्या मध्ये होती. ते वरच्या पायरीवर बसून म्हणाले, "साडभाऊ, तुमाले वाटते तुमी ढकलून राह्यले. पण स्नायू कधी ढकलत नाई. तो फक्त ओढते. दंडाच्या मागचा स्नायू ओढते, म्हून हात सरळ होते, आन् आपल्याले वाटते ढकललं." त्या क्षणी माझ्या दंडाच्या मागच्या स्नायूला काय करावंसं वाटत होतं, ते मी नात्याकडे बघून गिळलं.

स्नायू आखडतो कसा, हे दाखवायला ते आक्काचे दोन कंगवे घेत. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. कंगव्यांचे दात समोरासमोर धरायचे आणि एकमेकांत सरकवायचे. दात आखूड झाले का? नाही. पण दोन्ही कंगव्यांमधलं अंतर कमी झालं. स्नायूच्या आतले जाड आणि पातळ तंतू असेच एकमेकांत सरकतात. जाड तंतूला बारीक बारीक हात असतात, ते पातळ तंतूला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. हे ऐकून पाहुणा थक्क होई, निदान थकून जाई. आक्का मागून येऊन म्हणायची, "झालं असंन तर कंगवे द्या इकडं. मले केस इंचरायचे हाय." आणि विज्ञान तिथं संपायचं.

केळापूरला नात्यातले एक आजोबा गेले तेव्हा तर त्यांनी कमाल केली. रात्रीतून आजोबांचं अंग ताठरलं होतं, आणि थोरला मुलगा त्यांचा हात सरळ करता करता रडत होता. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाटलं, धीर देतील. त्यांनी धीरच दिला, पण शास्त्रीय. म्हणाले की धरलेला तंतू सोडायलाही इंधन लागतं, ते श्वासाबरोबर तयार व्हायचं बंद झालं, म्हणून स्नायू धरून बसला आहे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मुलगा रडायचा थांबला आणि यांच्याकडे बघत राहिला. शेवटी भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "सर, इंधन तं आपल्याले बी लागन. लाकडं आली का पाहून या." साडू गेले आणि लाकडाच्या गाडीवाल्याला सगळं पहिल्यापासून समजावून आले.

अशा माणसाचा फोन मागच्या हिवाळ्यात सकाळी आला आणि ते एवढंच म्हणाले, "साडभाऊ, या." पुढं काही नाही. इतकं लहान वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरलो.

झालं असं होतं की आक्का आदल्या रात्री राजूरच्या मावशीकडून बसनं परत आली होती. सकाळी चहा प्यायला बसली तर घोट ओठाच्या कोपऱ्यातून लुगड्यावर सांडला. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडं ओढलेलं, डावा गाल मेणासारखा सपाट, डावा डोळा मिटता मिटेना. मी आणि माझी बायको पोचेपर्यंत आळीतल्या बायकांनी लकवा म्हणून निकाल दिला होता. एकीनं काळा दोराही आणला होता. साडू ओसरीत उभे होते आणि कुणालाही काहीही समजावून सांगत नव्हते.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे, त्यामुळं हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू शाबूत आहे. गोळ्या घ्या, डोळ्याला जपा, सांगतो तेव्हापासून चेहऱ्याचे व्यायाम करा. बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ लागतो. डॉक्टर हे एखाद्या अडाण्याला सांगावं तसं सांगत होते आणि साडू अडाण्यासारखे ऐकत होते. परतीच्या गाडीत आक्काला झोप लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "स्नायू चांगला हाय म्हणते. मंग मले एवढं येऊन काय उपेग?" आयुष्यभर ज्यांनी बोलू नये असं वाटत आलं, त्यांनी बोलावं असं मला पहिल्यांदा वाटलं.

आक्कानं घराबाहेर पडणं सोडलं. तोंडावर पदर धरूनच ती वावरायची. उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिनं मुलीला सांगून टाकलं की ती अक्षता टाकायला येईल आणि लगेच आत जाईल, व्याह्यांसमोर असं तोंड घेऊन उभी राहणार नाही. मुलगी रडली. म्हणाली, मग लग्नच पुढं ढकलू. व्यायाम आरशासमोर करायचे होते आणि आरशात बघायला ती तयार नव्हती.

काही आठवड्यांनी मी सकाळीच त्यांच्याकडं गेलो. ओसरीत साडू आणि आक्का समोरासमोर पाटावर बसले होते. साडूंनी भुवया कपाळात चढवल्या होत्या. मग त्यांनी गाल फुगवले. मग सगळे दात दाखवले. मला वाटलं, आता यांचंही तोंड गेलं. तेवढ्यात ते आक्काला म्हणाले, "आरसा नको तं माह्याकडं पाय. मी करतो तसं कर." ज्यांनी नोकरीत कधी एक बैठक मारली नाही, ते गृहस्थ रोज सकाळ-संध्याकाळ तिचा आरसा होऊन बसत होते. घाम निघेपर्यंत.

मला पाहून आक्कानं पदर ओढून घेतला. साडूंनी मलाही पाट दिला. म्हणाले, "तिले एकटीले लाज वाटते. बसा." मी बसलो आणि गाल फुगवले. थोड्या वेळानं शेजारच्या गॅरेजचे चाचा साडूंच्या दुरुस्त केलेल्या स्कूटरची किल्ली द्यायला आले. तीन म्हातारी माणसं, त्यातलं एक पदराआड, एकमेकांसमोर गाल फुगवून बसलेली पाहून ते दारातच थबकले. कुणी काही सांगण्याआधी त्यांनी किल्ली खिशात टाकली, टोपी सारखी केली, साडूंच्या शेजारी बसले आणि दाढीसकट गाल फुगवले. चाचांचे फुगलेले गाल पाहून आक्काला हसू आवरेना. पदर सुटला. अर्धा चेहरा हसत होता.

"थांब," साडू म्हणाले. ते इतके पुढं वाकले की त्यांचं नाक तिच्या गालाला लागलं असतं. "पुन्हा हास."

"आसं म्हटल्यावर कोनाले हसू येते?" आक्का म्हणाली, आणि हसली.

डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. मांजरीच्या कानावर माशी बसावी एवढाच. पण आम्ही सगळ्यांनी पाहिला. मी मनाची तयारी केली. आता नस, हुकूम, तंतू, कंगवे, सगळं येणार. साडूंनी तोंड उघडलं, पण त्यांची स्वतःची हनुवटी हलायला लागली. ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. बराच वेळ तोंड धूत होते.

लग्न ठरल्या वेळी झालं. आक्का मांडवात उभी होती, व्याह्यांसमोर, पदर खांद्यावर. चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा झाला होता. फक्त एक गोष्ट राहिली होती आणि ती अजूनही आहे: हसली की तिचा डावा डोळा आपोआप मिटतो. वरपक्षातल्या एका आत्याबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी थट्टेत साडूंना विचारलं की विहीणबाई मघापासून डोळा काहून मारून राह्यल्या. मी मागं सरलो, कारण नस परत जुळताना फांदी चुकीच्या स्नायूला कशी जाते, हे आता जेवणं थांबवून सगळ्या मांडवाला ऐकावं लागणार होतं.

"लहानपनापासून सवय हाय तिची," साडू म्हणाले.

माझी बायको, म्हणजे जिनं आक्काचं लहानपण पाहिलंय ती, काहीतरी बोलायला गेली. मी तिला पंगतीकडं नेलं.

अजूनही मी महागावला गेलो की साडू मला ओसरीत बसवतात आणि माझ्या पोटरीत गोळा का येतो यावर, मी विचारलेलं नसताना, सविस्तर बोलतात. सुटका नसते. मात्र आतून आक्का कशावर तरी हसली की ते वाक्याच्या मध्येच थांबतात, मान वळवून दाराकडं बघतात, आणि पुढं काय सांगायचं होतं ते त्यांना बराच वेळ आठवत नाही. मीही आठवण करून देत नाही.