बिनक्रीमचा हात

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, तेव्हा वत्सलाक्काच्या भावाचा फोन आला. "अक्का गेली गं," एवढंच म्हणाले. मी उतरून चालायलाच लागले. कुठे, ते मलाही ठाऊक नव्हतं. महिना उलटला तरी जिवाला स्वस्थता नाही. हे लिहितानाही मधेमधे उठतेच आहे.

अक्का म्हणजे क्रीमच्या चाचण्या करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतली माझी वरिष्ठ, इथल्याच चिकपेट भागातल्या जुन्या मराठी घरातली, बोलण्यात कानडी शब्द पेरणारी. मी पुण्याहून नवी आलेली, पायाला भिंगरी. त्वचेच्या अगदी वरच्या थरात पाणी किती आहे, ते आम्ही मोजायचो. पेनासारखं यंत्र हातावर अलगद टेकवलं की आकडा दिसायचा. पण आधी माणसानं बाह्या वर करून गार खोलीत निवांत बसायला हवं. घाम आला की आकडा चुकला. शिकवताना अक्कानं मलाच तिथे बसवलं. मी उठले की ओरडायची, "बस की गं स्वल्प! कुठं आग लागलीय?" आणि तिचा एक नियम पक्का होता : क्रीम एकाच हाताला, दुसरा तुलनेसाठी कोरा.

मग तिची किडनी बिघडली, आणि तिचीच कातडी कोरडी ठणठणीत पडली. सतत खाज. मी क्रीम घेऊन घरी गेले, तर तिनं उजवा हात पुढे केला आणि डावा पदराखाली घेतला. "हा असाच राहू दे. नाहीतर गुण आला ते कळायचं कसं?"

डाव्यावर ओरखडे, रक्त. मी भडकलेच. "अक्का, इथे कोण रिपोर्ट मागतंय?"

"मी मागतीय."

दर भेटीत हेच भांडण. तिचा भयंकर राग यायचा मला. पण उजव्या हाताला जरा फरक दिसला की ती खुशीत म्हणायची, "पुढच्या आठवड्यात बघू." तेवढ्यावर मी धीर धरून घरी परतायचे...

शेवटच्या भेटीत मी नेहमीप्रमाणे उजव्या बाजूला बसले. चादरीतून डावा हात काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "सरी, ठीक आहे. लाव याला पण."

ज्या हातासाठी इतकी भांडले, तो आता मला नको होता; तो कोरा होता तोवर पुढचा आठवडा होता. "राहू दे की, अक्का. पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणाले. तिनं डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही. मी क्रीम लावलं... कोपरापासून बोटांपर्यंत.

परवा चाचणीला आलेल्या एका बाईंनी दुसरा हात पुढे करून सहज विचारलं, "याला नाही लावणार?"

"नाही," मी जरा जास्तच जोरात म्हणाले. "त्याला अजून वेळ आहे."