दारातल्या मेणबत्त्या

सुधा साळवे भांडकुदळ आहे, यावर इमारतीतल्या आठही बिऱ्हाडांचं एकमत होतं. आठवं बिऱ्हाड तिचंच, म्हणजे नवऱ्याचं मतही त्यात धरलेलं आहे. स्टुटगार्टच्या त्या उपनगरात एकतीस वर्षं काढून, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबून बाई जर्मन शिकली ती भांडायला पुरेल इतकी चोख. नगरच्या ख्रिस्ती घरातली, रविवारचं चर्च न चुकवणारी; पण प्रभूच्या दयेवर जेवढा विश्वास, तेवढाच स्वतःच्या जिभेवर.

ऑक्टोबरात त्या इमारतीच्या दारात दारिओ मेला. चोवीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला. दोन टोळ्यांचं वैर होतं. गोळी कुणासाठी होती ते मारणाऱ्यालाच ठाऊक, लागली मात्र कामावरून घरी निघालेल्या याला. पोलिसांनी बिऱ्हाड न् बिऱ्हाड विचारून काढलं. सगळे म्हणाले, आम्हाला फटाके वाटले, बेल काही ऐकली नाही. सुधानंही तेच सांगितलं.

ते धडधडीत खोटं होतं. बेल वाजली होती आणि तिनं खालच्या दाराशी बोलायचा घरातला फोन उचलला होता. "बिटे, प्लीज, दार उघडा, मला लागलंय," एवढं स्वच्छ ऐकून तिनं फोन जागच्या जागी ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ॲम्ब्युलन्स रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुणीतरी बोलावली.

रमेशला, म्हणजे नवऱ्याला, तिनं त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. तो आत आला असता आणि मागून बंदूकवाला आला असता तर? उगाच पोलिसांचं लफडं नको."

"अहो, दार उघडायचं बटण दाबायचं होतं फक्त," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवसापासून दारिओची आई यायला लागली. फ्राऊ कोवाचिच, हॉस्पिटलात सफाईचं काम करायची. रोज चार वाजता यायची, लाल काचेतल्या मेणबत्त्या दाराशी लावायची आणि पायरीवर बसून राहायची. मुलाचे मित्र फुलं आणायचे. आठवड्यात वीस-बावीस मेणबत्त्या झाल्या.

आता स्टुटगार्टकडच्या स्वाबियन माणसाला देव एक आणि केअरवोखे, म्हणजे झाडायचा आठवडा, दुसरा. दर आठवड्याला एका बिऱ्हाडानं जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. पाटी नेमकी सुधाच्या दारावर आली आणि तळमजल्याच्या फ्राऊ हेर्टर वर आल्या.

"फ्राऊ साळवे, शनिवारपर्यंत फुटपाथ मोकळा हवा. मेण सगळीकडे सांडलंय."

"मेण खरवडीन. मेणबत्त्यांना हात लावणार नाही."

"हे बघा, हे राहायचं घर आहे, कबरस्तान नाही. असली माणसं इथं जमतात ते आम्हाला नकोय."

"असली म्हणजे कसली? रडणारी?"

त्या दिवसापासून इमारतीनं तिच्याशी बोलणं टाकलं. टपालपेटीवर बिननावाची चिठ्ठी आली, घरमालकाचं पत्र आलं. सुधा रोज सकाळी मेणबत्त्यांच्या भोवतीनं झाडायची, काचा पुसायची आणि वर येऊन दार आपटायची. बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही श्रद्धा! खरं सांगायचं तर त्यात श्रद्धा कमी आणि चोराच्या मनातलं चांदणंच जास्त होतं.

चर्चमध्ये मात्र तिचा उदोउदो झाला. पास्टर तरुण, उत्साही. शहरातल्या गोळीबारांवर त्यानं प्रवचन केलं आणि भर सभेत म्हणाला, बंदुकीला ख्रिस्ती माणसाचं उत्तर काय, ते फ्राऊ साळव्यांकडून शिका. पुढच्या रविवारी मेणबत्त्यांपाशीच प्रार्थना ठेवली. अनेक भाषांत म्हणायची, मराठीतून सुधानं. तिला नाही म्हणता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिची जीभ लुळी पडली.

रविवारी चाळीसेक माणसं जमली. सुधाची पाळी आली तेव्हा फ्राऊ कोवाचिच पुढं झाली, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "या घरात एकच माणूस राहतं."

हे मात्र सुधाला सहन होईना.

"त्यानं माझी बेल वाजवली होती," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी घरात होते. मी फोन उचलला होता."

पास्टरनं लगबगीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि देवाच्या क्षमेबद्दल काही सुरू केलं. "तुम्ही थांबा हो जरा!" ती त्याच्यावर खेकसली. तिला देवाची नको होती, या बाईची हवी होती. आत्ता, इथं, चाळीस माणसांदेखत. अधाशासारखी हवी होती.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"दार उघडा म्हणाला. लागलंय म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"फोन ठेवला."

फ्राऊ कोवाचिचनं हात सोडले. खाली बसून एकेक मेणबत्ती फुंकली, पिशवीत घातली. मेण तापलेलं होतं, बोटं भाजत असणार, पण ती थांबली नाही. पास्टर "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिला. सुधा मदतीला वाकली.

"हात लावू नका," बाई म्हणाली. "तुमच्या दारात मी त्याला ठेवणार नाही."

फुलंसुद्धा तिनं मागं ठेवली नाहीत. ती एस-बानच्या, लोकलच्या, स्टेशनकडे निघून गेली, आणि माणसं एकमेकांकडे न बघता पांगली. फुटपाथ मोकळा झाला.

तळमजल्याची खिडकी उघडली. फ्राऊ हेर्टरनी इकडून तिकडे नजर फिरवली.

"चला! झालं ना एकदाचं स्वच्छ."

"बेल आधी तुमच्याकडे वाजली होती, फ्राऊ हेर्टर," सुधा म्हणाली. "मला वर ऐकू आली. दोनदा."

खिडकी लागली. आतून कडी घातल्याचा आवाज आला.